विश्लेषण : दोन आठवड्यांत परकी भाषा येते का? जपानी शाळकरी मुलांच्या परदेशवारीतून चिखलीच्या पालकांनी काय घ्यावे?

जपानमधील हजारो शाळकरी मुले दरवर्षी सुट्टीत दोन-तीन आठवड्यांसाठी परदेशात भाषा शिकायला जातात. ‘समर स्कूल’, ‘लँग्वेज कॅम्प’ अशा नावांचे तसेच कार्यक्रम आता आपल्याकडच्या पालकांनाही मोबाइलवरील जाहिरातींतून खुणावू लागले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीला अजून रेल्वे नाही आणि जालना-खामगाव मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तरी परदेशातील शाळेची जाहिरात तिथल्या घरातही पोहोचते. मुलाला पाठवावे का, एवढ्या पैशांत पदरात काय पडेल, विनाखर्च काही मार्ग आहे का, हे प्रश्न मग घराघरांत उभे राहतात. जपान या वाटेवर बराच पुढे गेला आहे. त्याचा अनुभव काय सांगतो?

हे अल्पकालीन भाषा कार्यक्रम नेमके काय असतात?

जपानी भाषेत परदेशी राहून शिकण्याला ‘र्‍युगाकु’ म्हणतात. मुक्काम करून शिकणे, असा त्याचा शब्दशः अर्थ. यातील तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा प्रवास हा वेगळा प्रकार मानला जातो. शाळकरी मुलांसाठी तो बहुधा दोन ते चार आठवड्यांचा असतो.

करोनापूर्वी, २०१७ मध्ये जपानमधील सुमारे ४७ हजार उच्च माध्यमिक विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी गेले होते. त्यांपैकी तीन महिन्यांहून अधिक राहिलेले फक्त चार हजारांच्या आसपास होते. म्हणजे दहातील नऊ मुले थोड्या दिवसांसाठी गेलेली होती.

काही मुलांना शाळाच गटाने नेते, काही खासगी कंपन्यांमार्फत जातात, तर काहींना त्यांची नगरपालिका पाठवते. जपानमधील अनेक शहरांची परदेशातील शहरांशी मैत्री असते आणि त्या नात्यातून माध्यमिक शाळेतील मुलांची निवड करून त्यांना तिकडे पाठवले जाते. पुण्याचे जपानमधील ओकायामा शहराशी असेच मैत्रीचे नाते आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ही त्याचीच खूण.

श्रीमंत, प्रगत जपानला याची गरज का वाटली?

परदेशी जाऊन शिकण्याची जपानची परंपरा जुनी आहे. १८७१ मध्ये सरकारने अमेरिका आणि युरोपला पाठवलेल्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुलीही शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या. त्यांतील सर्वात लहान त्सुदा उमेको सहा वर्षांची होती. ती १८८२ मध्ये परतली तेव्हा उत्तम इंग्रजी बोलत होती, पण मातृभाषा विसरली होती. पुढे १९०० मध्ये तिने मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. तेच आजचे त्सुदा विद्यापीठ. जुलै २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

त्सुदा परतली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. दोन्ही समाज तेव्हा एकाच वळणावर उभे होते.

आजचे कारण वेगळे आहे. जपानी मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. प्रवेश परीक्षांत व्याकरण आणि उताऱ्यांवर भर राहिला आणि बोलण्याला गुण नव्हते, त्यामुळे शाळांनीही बोलणे मागे ठेवले. ‘ईएफ’ या संस्थेच्या २०२४ च्या इंग्रजी प्रावीण्य निर्देशांकात ११६ देशांत जपान ९२ व्या स्थानी होता.

सरकारने हातपाय मारले नाहीत असे नाही. १९८७ पासून ‘जेट’ योजनेखाली परदेशी तरुण शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून आणले जातात. २०११ मध्ये पाचवी-सहावीला परकीय भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून तिसरीपासून उपक्रम आणि पाचवीपासून रीतसर विषय अशी रचना झाली. टोकियोने तर २०२२ मध्ये सरकारी उच्च माध्यमिक शाळांच्या प्रवेशासाठी इंग्रजी बोलण्याची स्वतंत्र चाचणी सुरू केली.

दुसरी अडचण आहे घराबाहेर पडण्याची. आज जपानमध्ये साधारण सहापैकी एकाच नागरिकाकडे पासपोर्ट आहे. लोकसंख्या घटत असताना नवी पिढीही देशाबाहेर पाहणार नसेल तर उद्योगांचे काय, ही तिथल्या सरकारची चिंता आहे. म्हणूनच २०३३ पर्यंत दरवर्षी पाच लाख जपानी विद्यार्थी परदेशी शिकायला जावेत, असे उद्दिष्ट २०२३ मध्ये ठरवण्यात आले. त्यातील १ लाख २० हजार उच्च माध्यमिक वयाचे असावेत, अशी अपेक्षा आहे.

मुले जातात कुठे?

ठिकाण बऱ्याच अंशी सुट्टीच्या वेळापत्रकावर ठरते. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि उन्हाळी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते. त्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील शाळांनाही सुट्टी असते. त्यामुळे तिकडे गेलेल्या मुलांना शाळेचा वर्ग मिळत नाही. सुट्टीतील खास वर्ग मिळतो आणि त्यात बहुतेक परदेशीच मुले असतात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र तेव्हा हिवाळा असतो आणि शाळा भरलेल्या असतात. जपानी मूल तिथे स्थानिक मुलांच्या शेजारी बसू शकते. या दोन देशांकडे ओढा असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

अलीकडे फिलिपिन्सचे नाव पुढे आले. सेबू आणि बाग्यो या शहरांत कोरियन व्यावसायिकांनी आधी इंग्रजी शाळा काढल्या आणि पुढे जपानी मुलेही येऊ लागली. तिथे एक शिक्षक-एक विद्यार्थी अशी तासिका परवडते. वीस जणांच्या वर्गात मागे बसून गप्प राहणाऱ्या मुलाला इथे पळवाट नसते. शिवाय येन घसरला. २०२१ मध्ये एका डॉलरला ११० येनच्या आसपास मोजावे लागत होते. २०२४ च्या जुलैत हा दर १६० च्या पुढे गेला. अमेरिका, ब्रिटन महाग झाले आणि जवळचे फिलिपिन्स, मलेशिया पालकांना परवडू लागले.

तिथला दिवस कसा असतो?

पहिल्या दिवशी चाचणी घेऊन गट पाडतात. सकाळी तीन-चार तास भाषेचे वर्ग होतात. दुपारी बाजार, वस्तुसंग्रहालय, स्थानिक शाळेला भेट किंवा खेळ असतो. संध्याकाळी मूल यजमान कुटुंबाच्या घरी जाते.

खरी शाळा या घरातच भरते. जेवणात काय चालत नाही हे सांगणे, आंघोळीला किती वेळ घ्यायचा हे विचारणे, बस चुकली तर फोन करणे हे सारे परक्या भाषेत करावे लागते. पुस्तकात यातले काहीच नसते. चूक झाली तरी काम होते, हे मुलाला पहिल्यांदा कळते.

हाच भाग सर्वात सहज निसटतो. एका घरात तीन-चार जपानी मुले ठेवली, वर्गातही सगळी जपानी, सहलीच्या बसमध्येही तीच, तर मूल परदेशात राहूनही जपानीतच बोलत राहते. फोटो भरपूर येतात, पण भाषा जिथल्या तिथेच राहते.

मग दोन आठवड्यांत किती भाषा येते?

हिशेब सरळ आहे. दोन आठवड्यांत शिकवण्याचे दिवस दहा. रोज चार तास धरले तर ४० तास होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला जपानी कामापुरती चांगली यायला २,२०० तासांचे वर्ग लागतात असे मानते. जपानी माणसाला इंग्रजीही तेवढीच परकी वाटते. २,२०० तासांपुढे ४० तास म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी.

त्यामुळे ‘पंधरा दिवसांत फाडफाड’ हा दावा कोणत्याही भाषेबाबत खरा नाही. या दिवसांत मिळते ते वेगळेच. बोलायची भीती मोडते, कान तयार होतो आणि भाषा कशासाठी शिकायची याचे कारण हाती लागते. परतल्यावर मूल नेटाने अभ्यासाला लागले तर ४० तासांचे चारशे होतात. नाही लागले तर काही महिन्यांत सारे ओसरते. म्हणून प्रवासाआधीचे आणि नंतरचे महिने प्रवासाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

पैसे कोण देते?

बहुतेक कुटुंबे स्वतःच देतात आणि त्यामुळे जपानमध्येही ही संधी सुस्थितीतील घरांकडे झुकलेली आहे. त्यावर उतारा म्हणून २०१३ मध्ये ‘तोबिताते! र्‍युगाकु जपान’ ही मोहीम सुरू झाली. ‘तोबिताते’ म्हणजे झेप घ्या. सरकारच्या पुढाकाराने आणि कंपन्यांच्या देणग्यांतून शिष्यवृत्त्या दिल्या जातात. २०१५ पासून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांनाही त्या खुल्या झाल्या आणि अगदी दोन आठवड्यांच्या मुक्कामासाठीही त्या मिळू शकतात.

या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या निवडीत आहे. परीक्षेतील गुण किंवा भाषेची पातळी पाहिली जात नाही. कुठे जायचे, काय शिकायचे आणि का, याचा आराखडा विद्यार्थ्याने स्वतः मांडायचा असतो. निवड झाल्यावर जाण्याआधी आणि आल्यावर प्रशिक्षण असते. तिकडे असताना आपल्या देशाची ओळख करून द्यायची आणि परतल्यावर आपला अनुभव इतर मुलांपर्यंत पोहोचवायचा, ही जबाबदारीही त्याच्यावर असते. एका मुलावरचा खर्च असा अनेकांच्या उपयोगी पडतो.

जे जाऊ शकत नाहीत त्यांचे काय?

यासाठी जपानने देशातच परदेश उभे केले. फुकुशिमा प्रांतात १९९४ पासून ‘ब्रिटिश हिल्स’ नावाचे इंग्रजी धाटणीचे गाव आहे. शाळांच्या सहली तिथे मुक्कामाला येतात आणि इंग्रजीतच वावरतात. टोकियोत २०१८ मध्ये शिक्षण मंडळाच्या पुढाकाराने ‘टोकियो ग्लोबल गेटवे’ सुरू झाले. विमानाची केबिन, हॉटेल, औषधाचे दुकान असे देखावे तिथे उभारले आहेत. मुलांनी छोट्या गटात जाऊन इंग्रजीत काम उरकायचे असते.

आपल्याकडे एवढा खर्च नको. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका खोलीत बसस्थानकाची चौकशी खिडकी, बँक आणि दवाखाना मांडला आणि आठवड्यातून एक तास तिथे फक्त इंग्रजी किंवा हिंदी बोलायची असे ठरवले, तरी गाभा तोच राहतो. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. जपानपेक्षा आपली मुले दोन वर्षे आधी सुरुवात करतात. म्हणजे आपल्याकडे शिकण्याची वर्षे पुरेशी आहेत, उणीव आहे ती बोलण्याच्या संधीची.

चिखलीच्या मुलांसाठी विनाखर्च मार्ग कोणते?

पहिला मार्ग जपान सरकारच्या ‘साकुरा सायन्स’ कार्यक्रमाचा. जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सीने तो २०१४ मध्ये सुरू केला आणि २०१६ पासून भारतातील शाळकरी मुले त्यात जातात. सुमारे एका आठवड्याच्या या भेटीत विद्यापीठे आणि प्रयोगशाळा पाहता येतात आणि जपानी मुलांशी संवाद होतो. सरकारी शाळा, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालयांतील गुणवंत मुलांना संधी मिळते. पालकांनी थेट अर्ज करण्याची ही योजना नाही. नावे शाळा आणि शिक्षण खात्यामार्फत जातात, म्हणून चौकशी मुख्याध्यापकांकडे करावी.

दुसरा मार्ग ‘आशिया काकेहाशी’ प्रकल्पाचा. ‘काकेहाशी’ म्हणजे पूल. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळाने आणि ‘एएफएस’ या संस्थेमार्फत २०१८ मध्ये तो सुरू झाला. आशियाई देशांतील उच्च माध्यमिक वयाची मुले काही महिने जपानी कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकतात. भारतातील निवड ‘एएफएस इंडिया’ करते.

तिसरा मार्ग जिल्ह्यातलाच आहे. बुलढाणा जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शेगावला आहे. नवोदयच्या स्थलांतर योजनेत नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये जातात. अहिंदी भागातील मुले हिंदी भागात आणि तिकडची इकडे येतात. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, पालकांवर बोजा नाही आणि मुक्काम दोन आठवड्यांचा नसून पूर्ण वर्षाचा असतो. परक्या भाषेत राहून शिकण्याचा देशातील हा मोठा प्रयोग आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी मात्र फार थोड्या पालकांच्या तो मनात असतो. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. शाळकरी मुलांच्या अल्पकालीन भाषा प्रवासाला ती लागू नाही. जाहिरातीत ‘सरकारी शिष्यवृत्ती मिळेल’ असे म्हटले असेल तर योजनेचे नाव आणि शासन निर्णय मागावा.

मराठी मुलाला जपानी अवघड जाते का?

लिपी अवघड आहे, पण वाक्यरचना ओळखीची वाटते. ‘मी सफरचंद खातो’ हे वाक्य जपानीत ‘वाताशी वा रिंगो ओ ताबेरु’ असे होते. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद, हा क्रम मराठीसारखाच. विभक्ती प्रत्ययांसारखी अव्यये नामानंतर येतात. वाक्याच्या शेवटी येणारे ‘ने’ आपल्या ‘ना’सारखेच होकार मागते.

काना लिपीचा ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ हा क्रमही आपल्या वर्णमालेशी जुळतो. कारण बौद्ध भिक्षूंबरोबर जपानला पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो घडला. हा अभ्यास नवव्या शतकात जपानला नेणाऱ्यांत कूकाई हा आचार्य होता. त्याचे पीठ कोयासान वाकायामा प्रांतात आहे. या प्रांताशी महाराष्ट्राचा २०१३ पासून सहकार्य करार आहे आणि तिथल्या कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला.

रोजगाराची बाजूही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे लक्ष्य ठरवले. त्यात ५० हजार कुशल आणि निमकुशल भारतीयांनी जपानला जाणे अपेक्षित आहे. तिथल्या ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ व्हिसासाठी साधारणपणे ‘एन ४’ पातळीची जपानी लागते. ही परीक्षा मुंबई आणि पुण्यातही होते. तयारीची सुरुवात मोफत करता येते. ‘एनएचके वर्ल्ड’चे सोपे जपानी धडे हिंदीतून आहेत, तर जपान फाउंडेशनच्या ‘मिनातो’ संकेतस्थळावर स्वयंअध्ययनाचे अभ्यासक्रम आणि ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक विनामूल्य उपलब्ध आहे.

स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर काय तपासावे?

समजा सगळा मिळून खर्च दोन लाख रुपये आला. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने हे साडेसदतीस क्विंटल सोयाबीन झाले. एकरी सहा-सात क्विंटल उतारा धरला तर पाच-सहा एकरांचे पूर्ण पीक, तेही बी-बियाणे, खत आणि मजुरी वजा न करता. एवढा पैसा लावण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

• वर्गाचे एकूण तास किती आणि सहलीचे किती?
• एका वर्गात मुले किती आणि त्यांत भारतीय किती?
• एका यजमान घरात एकच भाषा बोलणारी किती मुले ठेवणार?
• तिथल्या शाळा तेव्हा सुरू असतील का?
• विमान, व्हिसा, विमा आणि शाळेचे शुल्क वेगवेगळे दाखवले आहे का? व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत मिळेल?
• रात्री-अपरात्री मूल आजारी पडले तर जबाबदार व्यक्ती कोण?
• जाण्याआधी आणि आल्यावर शिकवणी आहे का?

यातील चौथा प्रश्न विदर्भातील मुलांच्या पथ्यावर पडणारा आहे. आपली उन्हाळी सुट्टी मे महिन्यापासून जूनच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास संपते. त्या काळात जपानच्या शाळा भरात असतात, फक्त मेच्या पहिल्या आठवड्यात ‘गोल्डन वीक’ची सुट्टी असते. म्हणजे जपानी मुलांना अमेरिकेत जो वर्ग मिळत नाही, तो चिखलीच्या मुलाला जपानमध्ये मिळू शकतो. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंतच चालतो, हेही आधी पाहून घ्यावे.

थोडक्यात सांगायचे तर...

जपानने या कार्यक्रमांवर मोठे उद्दिष्ट बांधले ते भाषा पंधरा दिवसांत येते म्हणून नव्हे. बाहेर राहून आलेले मूल पुढे अधिक शिकते आणि इतरांनाही ओढते, हा त्यामागचा अनुभव आहे. त्यासाठी गुणांऐवजी इच्छा पाहणारी शिष्यवृत्ती लागते आणि परतलेल्या मुलाला बोलते ठेवणारी शाळा लागते.

चिखलीतील एखादे मूल साकुरातून जाऊन आले, काकेहाशीतून परतले किंवा नवोदयमधून वर्षभर परराज्यात राहून आले, तर त्याला शाळेत पुन्हा बोलवावे, मुलांपुढे उभे करावे आणि त्यांना हवे ते विचारू द्यावे. त्या तासाला खर्च काहीच नाही आणि जाण्याची इच्छा पुढच्या मुलात तिथेच रुजते.